कळ

कोल्हार, ९ डिसेंबर २०२४

फलक बेटा,

फाडायचं असेल तर वाचून फाड. तुझा नंबर लागत नाही, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, एवढं मोबाईलचं ज्ञान आता मलाही आलंय. नाशिकच्या तुझ्या हॉस्पिटलचा पत्ता मी तुझ्या मैत्रिणीच्या, आरतीच्या आईकडून काढला. आरतीवर चिडू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही. घरात आपण आपली हिंदी बोलत असलो तरी पत्र मला मराठीतच सुचतं. दहावीला बाईंनी माझं पत्र वर्गात वाचून दाखवलं होतं, हे तुला शंभरदा सांगून झालंय. आज पुन्हा सांगितलं.

बातमी ही, की तुझ्या अब्बांची पाठ दुखायची थांबली.

कमी झाली असं मी लिहिलेलं नाही, नीट वाच. थांबली. लोणीच्या बाजारात नाल ठोकताना बैलाने लाथ घातल्यापासून जो माणूस एक रात्र सरळ झोपला नाही, कूस बदलताना ज्याच्या शिव्या शेजारच्या चांगुणाबाईंच्या ओट्यापर्यंत जायच्या, तो माणूस हल्ली दाढी करताना गुणगुणतो. बेसूर गुणगुणतो, पण माझी तक्रार नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यात तार बसवलीय. घाबरू नकोस. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, पाठीचं ऑपरेशन झालं, दर्ग्याचा दोरा झाला, कशालाच गुण नाही म्हटल्यावर त्यांनी हे विचारलं. मी नकोच म्हणत होते. तुझे अब्बा म्हणाले, "मेहताब, डोकं फोडून घ्यायला मी रोज भिंत शोधतोय. हे तरी डॉक्टर फोडतील." मग मी नको कशी म्हणणार होते? सही केली.

तू नर्स आहेस, तुला हे जास्त ठाऊक असेल, पण मला सांगायची हौस आहे म्हणून ऐक. डॉक्टर म्हणाले, दुखरी खबर अंगातून निघते आणि पाठीच्या कण्यातल्या दोरीतून वर मेंदूकडे जाते. पण मेंदूच्या बुडाशी एक जागा आहे, तिथून उलटा निरोपही खाली येतो, की आत्ता नको, दार लावून घ्या. माणूस जीव घेऊन पळत असला की पायात काटा मोडलेला कळत नाही, तो यामुळेच. त्या जागेला बारीक वीज दिली की कण्यातलं दार लागतं आणि खबर तिथंच अडते.

"म्हणजे दुखणं मरत नाही?" मी विचारलं.

"नाही. दुखणं असतं तिथंच असतं. फक्त वर पोचत नाही."

मला लाथेचा दिवस आठवला. लाथ बसल्यावरही तुझे अब्बा बैल खुंट्याला बांधून आले होते, आणि मग खाली बसले ते पुन्हा धड उठलेच नाहीत.

गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढी बॅटरी शिवलीय. टीव्हीच्या रिमोटसारखी एक डबी माझ्याकडे दिलीय, तिच्यावर कमी-जास्त करायची बटणं. डबी हातात घेऊन तुझे अब्बा म्हणाले, "ही कळ दाबली की ती कळ जाती, आसंच ना सायेब?" डॉक्टर एवढे हसले की बाहेरची नर्स डोकावून गेली.

परवा तर कहर झाला. मी कपडे वाळत घालत होते आणि यांनी माझ्यासाठी चहा केला. तुझ्या जन्मात कधी पाहिलंयस? उकळता टोप हातानेच उतरवला, फडकं घ्यायचं विसरले. चहा ओतून मला दिला आणि माझ्यासमोर बसून हसत होते. तळहाताला चार फोड आले ते मला संध्याकाळी दिसले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, यांचं जळलं आणि यांनाच कळलं नाही, म्हणून आम्ही दोघंही हसलो.

फलक, तू का गेलीस ते मी विसरलेले नाही. तू पाठीला तेल लावत होतीस, तुझा अंगठा चुकीच्या जागी पडला आणि त्यांनी हातातली हातोडी भिरकावली. ती तुझ्या कानाजवळून चौकटीत बसली. "पुन्हा या घरात दिसू नकोस" हे त्यांच्या तोंडून निघालं. ते बोलले नव्हते ग, त्यांची पाठ बोलत होती. ती पाठ आता गप्प आहे. एकदा येऊन बघ.

तुझी अम्मी


कोल्हार, १८ जानेवारी २०२५

फलक,

तुझं कार्ड पोचलं. तीनच ओळी, पण तुझ्या अक्षरातल्या. मी ते तांदळाच्या डब्यात ठेवलंय, हाताला रोज लागतं.

"अम्मी, कळ गेली की कळणंही जातं. अब्बांना साखर आहे. त्यांचे हातपाय रोज स्वतः बघ." वा! नाशिकला जाऊन कविता करायला लागलीस. आणि तिथे बसून इथल्या शेळ्या हाकायच्या, हे तर अगदी माझ्यावर गेलीस. बघते हो. चप्पल काढल्यावर बघते.

कारखाना सुरू झाल्यापासून यांना उसंत नाही. उसाच्या बैलगाड्या रात्रंदिवस डांबरावर, बैलांच्या खुरांच्या पत्र्या झिजतात, आणि एवढ्या टापूत नालबंद उरलेत ते हेच. मागच्या दोन हंगामांत घरी बसून होते, त्याचं सगळं उट्टं काढताहेत. बैल पाडायला गडी आहेत, पण खूर मांडीवर घेऊन उकिडवं बसणं यांचंच. सकाळी बसलेले दुपारी उठतात. मी म्हणते जरा पाठ टेका, तर म्हणतात, कुठाय पाठ?

तुझ्या कार्डामुळे एक गोष्ट डोक्यात अडकून बसलीय, म्हणून लिहिते. मागच्या आठवड्यात कारभारी आले होते, मळ्यातले. त्यांचा ढवळा बैल पाडला. तुला आठवतं ना, अब्बा खिळा मारायच्या आधी काय करतात? खुरावर हातोडीने टक टक करून थांबायचं. बैलाने पाय ओढला की मग पुढचं काम. ढवळ्याने पाय ओढला नाही. पुन्हा टक टक. नाही. यांनी हातोडी खाली ठेवली.

"कारभारी, सुई देल्ती का याला?"

"व्हय. लंगडत हुता लई. मोसम चालू हाय, बसवून कसं जमंल? आता बगा कसा गरीब झालाय, पाय बी हलवत न्हाई."

"मग घेऊन जावा. सुईचं जनावर मी पाडत न्हाई. खिळा जिव्हारी चालला तर जनावर पाय ओढतं, तवा मला कळतं. हे मुकं झालंय. ह्याच्यात मी कुठवर ठोकू?"

कारभारी चिडून गेले. बैल दुसरीकडून पत्र्या मारून आणला म्हणे. मी त्या वेळी भाकरी द्यायला आले होते, उभी राहून हे सगळं ऐकलं. यांच्या डाव्या हाताच्या करंगळीला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्यातून रक्त खाली खुरावर ठिबकत होतं. "बैलाचं आहे," म्हणाले. बैलाला तर खिळा लागलाच नव्हता.

आता तुझ्यापासून लपवत नाही म्हणून सांगते. पुण्याला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की मशीन एवढं चढवून ठेवू नका. दिवसा थोडं उतरवा, थोडी कळ राहू द्या, आणि साखरेचा माणूस आहे तर पाय तपासत जा. मी ऐकलं. घरी येऊन उतरवलं. दुपारपर्यंत यांचा चेहरा पिळून काढल्यासारखा झाला. जेवायला बसले आणि भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर. तेच डोळे, फलक. तोच आवाज. चांगुणाबाई ओट्यावरून "काय झालं व?" विचारायला लागल्या. मी भिंत पुसली, डबी काढली आणि पुन्हा चढवलं. अर्ध्या तासात माझा हात धरून म्हणाले, "मेहताब, मी काय बोललो असेन तर माफ कर."

मला सांग, तू माझ्या जागी काय केलं असतंस? नर्स म्हणून नको सांगूस.

अम्मी


कोल्हार, २२ फेब्रुवारी २०२५

माझी फलक,

ईदेला येते म्हणालीस! मी कार्ड वाचून यांना दाखवलं तर यांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग खिशात घातलं आणि तडक बाजारात जाऊन चुना घेऊन आले. तुझी खोली स्वतः रंगवतात. शिडीवर चढून. मी खाली शिडी धरून उभी, वरून माझ्या डोक्यावर चुन्याचे थेंब, आणि हे मला विचारतात, "तिला अजून शेवयांत मनुके आवडत नाहीत ना?" लक्षात आहे त्यांच्या. हातोडीचा खड्डा होता ना चौकटीत, तो पुट्टीने भरून टाकलाय. रंग ओला असतानाच त्याच्यावरून बोट फिरवत होते.

भेटल्यावर बोलू असं लिहिलंयस, तर तसं. फोन मी लावणार नाही. कैफ आपला टेम्पो घेऊन कांद्यासाठी नाशिकला येतो, तुझ्या चुलतभावाच्या गाडीत बसून यायला काही हरकत नसावी.

घरात सगळं ठीक आहे. हे जरा जास्त झोपतात एवढंच. दमतात. डाव्या पायाला सूज आल्यासारखी वाटते, दिवसभर उकिडवं बसून येते तशी. मोजे घालून देते मी त्यांना, थंडी आहे ना अजून सकाळची.

एका गोष्टीने मात्र जीव नको केलाय. घरात वास येतोय. उंदीर मेला असणार. मी धान्याच्या कोठीमागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं, गाद्या उन्हात टाकल्या, फिनाईलने फरशी पुसली. दिवसभर जातो आणि हे कामावरून आले, खाटेवर बसले की पुन्हा येतो. म्हणून खाटेखालचंही सगळं उपसलं. चांगुणाबाई परवा पदर नाकाला लावून म्हणाल्या, "भाभी, काय मेलंय का तुमच्यात?" मी म्हटलं, तुमच्याकडचाच उंदीर असेल, आमच्याकडे येऊन मेला. हसल्या नाहीत.

यांना वास येत नाही. विचारलं तर म्हणतात चुन्याचा असेल.

आणि हो, कारभारींचा ढवळा बसला. रस्त्यातच, जू मानेवर असताना. खूर आतून पूर्ण सडला होता, पत्री काढली तशी टाचच हातात आली म्हणे. शेवटपर्यंत गाडी ओढत होता बिचारा, एकदाही लंगडला नाही. तुझे अब्बा ऐकून खाटेवर आडवे झाले. मग म्हणाले, "त्याला सांगायचंच राहिलं," आणि झोपून गेले. कुणाला काय सांगायचं राहिलं ते मी विचारलं नाही.

मशीनचं तू पुन्हा लिहिलंयस. उतरवीन. ईद झाली की दुसऱ्या दिवशी उतरवीन, तुझ्यासमोर, तुझ्याच हाताने उतरव हवं तर. तेवढं ईदेपर्यंत मला हसू दे. घरात एका ताटात तिघं बसून शेवया खाऊ, त्यांना हसताना तू एकदा बघ, मग तू आणि तुझे डॉक्टर म्हणाल तसं.

अल्ला तुला सुखी ठेवो.

अम्मी


अहिल्यानगर, १९ मार्च २०२५

फलक,

उंदीर नव्हता.

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितेय. तुझा फोन अजून तसाच, लागत नाही. कैफच्या फोनवरून लावला, वाजत राहिला, तू ड्यूटीवर असशील. हे पत्र घेऊन तो आत्ता निघेल. त्याच्या टेम्पोत बस आणि वाटेत वाच. आधी वाचू नकोस, आधी बस.

खिळा होता. पत्रीचा, त्यांच्या स्वतःच्या डब्यातला. चपलेच्या तळातून आत गेला होता आणि ते त्याच्यावर चालत होते, किती दिवस ते अल्लाला ठाऊक. मला तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिसला, चादरीला डाग पडला तेव्हा. मी तो चिमट्याने ओढून काढला. यांनी हूं की चूं केलं नाही, माझ्याकडे बघून हसत होते. मी हळद भरली, पट्टी बांधली, वर मोजा चढवला. तुला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू मशीन उतरवायला लावलं असतंस, आणि ईदेला खाटेवर तोच जुना माणूस बसलेला असता, आणि तू दारातूनच परत गेली असतीस. मला तू हवी होतीस. ह्याच्यापलीकडे दुसरं कारण नाही, शोधू नकोस.

आणि वासाचं म्हणशील, तर मला कधी कळलं ते मला सांगता येणार नाही. सगळं घर उपसलं, तो एक मोजा तेवढा काढायची हिंमत झाली नाही.

काल अंगणात कोसळले. अंगात हुडहुडी, डोळे लाल. मला म्हणाले, "काही नाही ग, पाय झोपलाय." मोजा कैफने कात्रीने कापला. त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीपाशी जाऊन ओकला. मी पाहिलं. घोट्याच्या वरपर्यंत काळं, जांभूळ चुरगाळल्यासारखं. ढवळ्याचा खूर मी पाहिला नव्हता, तोही असाच असणार.

गाडीत घातलं तशी मी डबी काढली आणि मशीन बंद केलं. उतरवलं नाही, बंदच केलं. म्हटलं आता ती कळ येईल, पाठीची येईल, पायाची येईल, सगळी एकदम येईल, ओरडतील, मला शिव्या देतील, माझे केस धरतील. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तयार बसले होते. राहुरी गेलं. विळद गेलं. गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि हे गप्प. या माणसाचं ओरडणं बंद व्हावं म्हणून मी किती नमाजांत दुआ मागितली आहे तुला माहीत आहे. काल गाडीत मी उलटी दुआ मागत होते.

इथे एक डॉक्टरीणबाई आहेत, तुझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी पायावर अंगठा रोवला आणि म्हणाल्या, "बाबा, दुखतंय का?" अर्धे डोळे उघडे, पण उत्तर नाही. पाठीवर दाबलं, जिथे तुझा अंगठा पडला होता अगदी तिथे. काही नाही. छातीच्या हाडावर मुठीने रगडलं. नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ते मशीन चालू आहे का?"

"बंद आहे," मी म्हटलं. "कोल्हारलाच बंद केलंय."

त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली, स्वतः बघितली, पुण्याला फोन केला. पुण्याचे म्हणाले, बंद केल्यावरही कधी कधी थोडा वेळ असर राहतो. तो वेळ होऊन गेला. रात्र गेली, सकाळ गेली. बाई म्हणतात विष पायातून रक्तात गेलंय, सगळ्या अंगात. पाय काढावा लागेल, पण टेबलावर घेण्याइतका माणूस हातात नाही. कळेला प्रतिसाद आला तर बघू, म्हणाल्या. त्यांनी हाच शब्द वापरला, कळ.

मघाशी आत कुणी नव्हतं तेव्हा मी किल्ली घेतली, आपल्या दाराची, आणि चांगल्या पायाच्या टाचेवर टक टक केलं. थांबले. त्यांनीच शिकवलंय कसं थांबायचं ते. पुन्हा केलं. पाय ओढला नाही.

मी तुला बोलावताना लिहिलं होतं की ते आता ओरडत नाहीत, म्हणून ये. ते खरं निघालं बघ. आता मी तुला दुसऱ्याच गोष्टीसाठी बोलावतेय. चार वर्षांची असल्यापासून तुझा आवाज कानावर पडला की ते कामातून मान वर करायचे. तुझ्याइतकं त्यांना कुणी चिडवू शकत नाही, मी नाही, बैल नाही, ही डॉक्टरीणही नाही. वॉर्डात आल्यावर कुणाला काही विचारू नकोस. डावीकडून तिसरी खाट. सरळ जा, त्यांच्या पाठीखाली हात घाल आणि अंगठा पुन्हा त्याच जागी ठेव. जोरात दाब. दया करू नकोस.

तुझ्यावर तरी ओरडतील.

अम्मी